'हरी' नावावर कोट्या हव्यात: पंचाहत्तरीचं पाच मिनिटांचं भाषण

गंगाघाट:

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात मामांची पंचाहत्तरी आहे. मामांचं नाव हरी. कार्यक्रम नाशिकलाच, गंगापूर रोडच्या एका लहान हॉलमध्ये, माणसं ८०च्या आसपास. भाचेमंडळींतर्फे पाच मिनिटं बोलायचं माझ्याकडे आलंय, आणि नावाच्या अर्थांवर कोट्या करत बोलायचं असं सगळ्यांचं ठरलंय.

'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' याच्या पुढे गाडी जात नाही. जालावर 'हरी म्हणजे विष्णू, माकड, सिंह, बेडूक' अशा याद्या फिरतात. त्या खऱ्या का? असतील तर त्यांतून हशा कसा काढायचा? नुसती यादी वाचली तर पाढे म्हटल्यासारखं होईल.

उपयोगी पडेल ती माहिती: मामींचं नाव उमा. एक मुलगा, एक मुलगी. मामा पहाटे पाचला उठून चहा करतात आणि मामींना अंथरुणातच नेऊन देतात, हे सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक आहे. कुणाचंही काम असो, एका हाकेत हजर. चेष्टा चालते. मागच्या वर्षी पाठीचं दुखणं झालं होतं, आता बरे आहेत. समोर नव्वदीच्या आजी असतील आणि पाचवी-सहावीची मुलंही.

शेवटचं, बॅनरवर 'हरि' की 'हरी'?

नानार्थ:

यादी खरी आहे. मूळ अमरकोशात, तिसऱ्या कांडातल्या नानार्थवर्गात:

यमानिलेन्द्रचन्द्रार्कविष्णुसिंहांशुवाजिषु ।
शुकाहिकपिभेकेषु हरिर्ना कपिले त्रिषु ॥

फोड अशी: यम, अनिल म्हणजे वारा, इंद्र, चंद्र, अर्क म्हणजे सूर्य, विष्णू, सिंह, अंशु म्हणजे किरण, वाजी म्हणजे घोडा. दुसऱ्या ओळीत शुक म्हणजे पोपट, अहि म्हणजे साप, कपि म्हणजे माकड, भेक म्हणजे बेडूक. झाले १३. या सगळ्यांत 'हरि' पुल्लिंगी. शिवाय 'कपिल', म्हणजे पिंगट रंग, या अर्थी तो विशेषण होऊन तिन्ही लिंगांत चालतो. तो चौदावा. जालावरच्या याद्यांत यापेक्षा जास्त अर्थ दिसले तर कोशात ताडून घ्या. आपट्यांचा संस्कृत कोश, मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशांत फुकट शोधता येतात. शोधताना ऱ्हस्व 'हरि' टाइप करा, दीर्घ लिहिलं तर बऱ्याचदा नोंद सापडत नाही.

आता धोका बघा. श्लोक सुरू होतो 'यम'पासून. पंचाहत्तरीच्या मांडवात पहिला शब्द यम निघाला आणि पहिल्या रांगेतल्या एखाद्या गुरुजींना किंवा आजींना तो कळला, की पुढचा हशा मेला. म्हणून पूर्ण श्लोक म्हणूच नका. फक्त दुसरी ओळ म्हणा: 'शुकाहिकपिभेकेषु हरिर्ना कपिले त्रिषु'. सोळा अक्षरं आहेत, एका दमात होतात, आणि पोपट, साप, माकड, बेडूक ही सगळी गमतीची मंडळी त्याच ओळीत आहेत. पहिल्या ओळीतले सूर्य, वारा, घोडा हे तीन तेवढे मराठीत सांगा. सात अर्थ पुरतात. चौदाच्या चौदा सांगायला गेलात तर आठव्याला लोक मोबाइल बघायला लागतात.

अर्थ आधी सांगून टाकायचे आणि कोटी नंतर करायची. उलटं केलं की कोटीनंतर स्पष्टीकरण द्यावं लागतं, आणि स्पष्टीकरण दिलेली कोटी म्हणजे गार झालेली भजी.

आणखी एक, हे धार्मिक मंडळींना फार आवडेल. संध्येच्या चोवीस नावांत केशवापासून मोजलं तर हरी तेविसावा येतो, श्रीकृष्णाच्या आधी. विष्णुसहस्रनामात तर ६५०वा. त्यावरून: 'संध्येत हरीपर्यंत पोचायला आधी बावीस नावं घ्यावी लागतात, सहस्रनामात ६४९. आमचा हरी एका हाकेत येतो.' मामांचा एका हाकेत येण्याचा गुण तुम्ही लिहिलाच आहे, त्याला हे अगदी बेतून शिवल्यासारखं बसतं.

शब्दफोड:

नानार्थ यांनी सांगितला तो अभंग श्लेष: शब्द अख्खा ठेवायचा, अर्थ दोन. दुसरा प्रकार सभंग श्लेष, शब्द मोडून अर्थ काढायचा. शाळेच्या व्याकरणातलं 'औषध नलगे मजला' आठवत असेल: 'न लगे' म्हणजे नको, आणि 'नल गे' म्हणजे अगं, नल हेच औषध. 'हरी' या नावाला सभंगात सोन्याची खाण आहे, कारण मराठीत 'हरी'वर संपणारे रोजचे शब्द बरेच आहेत: मोहरी, लहरी, शहरी, जहरी, प्रहरी, नरहरी.

यातला मोहरी सगळ्यांत मोठा. 'हरीशिवाय घरात काही शिजत नाही. विश्वास नसेल तर फोडणी बघा, तेलात पहिली उडी कुणाची? मो-हरीची.' हे आजींना कळतं आणि मुलांनाही.

पुढे: 'मामा प्रहरी आहेत, कारण पहाटेपासून घराची राखण. मामा शहरी आहेत, कारण नाशिक सोडवत नाही. मामा लहरी आहेत, हे मामी सांगतील. जहरी मात्र एक दिवसही झाले नाहीत.' इथे क्रम बदलू नका. 'जहरी' हा शब्द अंगावर येणारा आहे. तो शेवटी, नकार लावून आला की आतापर्यंतची थट्टा एकदम कौतुकात उलटते. तोच मध्ये आला तर ऐकणाऱ्याला वाटतं आता टीका सुरू झाली. 'लहरी'ही मामींच्या तोंडी घातलाय तो त्यासाठीच. भाच्याने मामाला लहरी म्हणू नये.

उच्चाराचं तंत्र: 'मोहरी' सलग म्हणा, अर्धा श्वास थांबा, मग 'मो' हलका आणि 'हरी' ठसठशीत. पहिल्या वेळेस तोडून म्हटलं तरी पुढच्या शब्दांना तोडू नका. लोकांना किल्ली मिळालेली असते, ते स्वतः तोडतात आणि त्यातच त्यांना मजा येते. प्रत्येक शब्द तुम्हीच तोडलात तर ते व्याकरणाचा तास होतं.

तिसरी खाण धातूची. 'हरि' हा 'हृ'पासून, हरण करणारा: पाप, दुःख, चिंता हरणारा. नाशिकमध्ये या धातूला जे सोनं लागलंय ते दुसऱ्या कुठल्या गावात नाही. मराठीत हरण म्हणजे प्राणी आणि हरण म्हणजे पळवून नेणं. 'पंचवटीत हरणापायी हरण झालं. आमच्या घरात हरीपायी काळजी हरण झाली.' दोन वाक्यं, 'हरण' तीनदा, तीन अर्थांनी. सीतागुंफा इथून पाच-सहा किलोमीटरवर असताना हे वाक्य नाशिकच्या श्रोत्यांना समजावून सांगावं लागत नाही. भाषणाचा कळस इथे ठेवा. दुसरं वाक्य म्हणताना हसू नका, ते मनापासूनच म्हणायचं आहे.

आडगावनाका:

'हरी मिर्ची' पण घ्या की. मामा तिखट असतील तर मस्त बसेल.

शब्दफोड:

नको. 'हरी' म्हणजे हिरवी हे हिंदी आहे. मराठी माणूस बाजारात हिरवी मिरची मागतो, त्यामुळे कोटी कळायला आधी मनात भाषांतर करावं लागतं. तेवढ्या वेळात हशा निघून जातो. मराठीतच इतकं पडलंय की उसनं आणायची गरज नाही.

मेनरोडकर:

म्हणी आणि वाक्प्रचार राहिले. माझ्या मते खरा हशा तिथेच आहे, कारण ते सगळ्यांना आधीपासून पाठ असतात. श्रोत्याला माहीत असलेलं वाक्य अपेक्षेपेक्षा वेगळ्या ठिकाणी संपवलं की काम होतं.

'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आळशी माणसाला टोमणा म्हणून वापरतात. तुमच्याकडे ती शब्दशः खरी आहे! हरी रोज पहाटे खाटल्यावरी देतो: चहा. इतकी तयार कोटी सहसा मिळत नाही. म्हणून ती सुरुवातीला उधळू नका. सुरुवातीला म्हण काढलीत तर लोक म्हणतील 'हं, येणारच होती'. शेवटी आणा, तेव्हा त्यांना वाटलेलं असतं की याने ती घेतलीच नाही.

'आहे का कोणी हरीचा लाल?' हे मुलासाठी. मुलाला बोलायला किंवा हार घालायला पुढे बोलवायचं असेल तेव्हा निवेदकाने फक्त एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. मुलगा उठला की वाक्य आपोआप पुरं होतं. मुलीसाठी ओढूनताणून 'हरीची लाली' वगैरे करू नका. तिला 'लहरी' द्या: 'गोदेच्या पाण्यात असते तशी या घरातही एक लहरी आहे, आणि तिच्याही पोटात हरी आहेच.' लहरी म्हणजे लाट, तो अर्थ इथे उपयोगी पडतो.

'हरदासाची कथा मूळपदावर' हा तर भाषणाचा सांधा आहे. हरदास म्हणजे हरिदास, कीर्तनकार. विषय जरा भरकटला की हे म्हणा आणि पुढच्या मुद्द्याला या. पाच मिनिटांत दोनदाच. तिसऱ्यांदा म्हटलंत तर लोकांना वाटेल की खरंच भरकटलाय.

'हरिपाठ' घ्यायचा मोह होईल: सकाळी हरिपाठ, संध्याकाळी हरीची पाठ. कोटी म्हणून चोख आहे, पण मागच्या वर्षीच्या दुखण्यामुळे तुमच्याकडे नको. बरं झालेलं दुखणंसुद्धा मामींच्या लेखी अजून ताजं असतं.

'हरभऱ्याच्या झाडावर चढवणे' हे माकडाच्या अर्थाला जोडा: 'कोशात हरी म्हणजे कपि. त्यांना कुठलंही झाड चालतं, फक्त हरभऱ्याचं चालत नाही.' म्हणजे स्तुतीला भुलत नाहीत. वयाने मोठ्या माणसाला माकड म्हणायची हीच एक सभ्य वाट दिसते मला. शब्द 'कपि'च ठेवा, 'माकड' म्हणू नका. ज्यांना कळायचं त्यांना कळतं.

आणि स्थानिक: हरिहर किल्ला. त्र्यंबक तालुक्यातला, निर्गुडपाड्याकडून नाहीतर हर्षेवाडीकडून चढतात. कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या आणि हात घालायला दोन्ही बाजूंना खोबणी. 'हरिहर चढताना पायऱ्यांना खोबणी आहेत. आमच्या मामांना एखादी गोष्ट पटवताना कुठेही खोबण सापडत नाही.' नाशिकच्या पोरांना हा किल्ला माहीतच असतो, तरुण मंडळी इथे हसतील.

गंगाघाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. मामींच्या नावाची सांगड कशी घालू? 'हरी-उमा म्हणजे विष्णू-पार्वती' असं म्हणायचा विचार आहे.

मेनरोडकर:

थांबा, हेच नेमकं करू नका. उमा शंकराची. विष्णू तिचा भाऊ मानतात. जोडपं म्हणून ते नाव घेतलंत तर जाणती माणसं एकमेकांकडे बघतील. मामींचं नाव रमा, इंदिरा किंवा कमला असतं तर प्रश्नच नव्हता, ती सगळी लक्ष्मीची नावं.

देवांच्या वाटेने जायचंच असेल तर हरिहर भेट घ्या. वैकुंठ चतुर्दशीला, म्हणजे कार्तिक शुद्ध चतुर्दशीला, हरीला बेल आणि हराला तुळस वाहतात, एरवी असतं त्याच्या उलट. नाशिककर हा सोहळा सुंदरनारायण आणि कपालेश्वर या मंदिरांशी जोडतात. तिथून म्हणता येईल: 'उमा माहेरी हराच्या नावाची, सासरी आली ती हरीच्या घरी. तेव्हापासून या घरात रोजच हरिहर भेट.' हे चालतं, कारण यात कुणाला कुणाचा नवरा म्हटलेलं नाही. पण जरा लांबचं आहे.

नानार्थ:

त्यापेक्षा जवळची वाट कोशातच आहे. अमरकोशात अतसीला, म्हणजे जवसाला, 'उमा' हा प्रतिशब्द दिलाय: 'अतसी स्यादुमा क्षुमा'. हरी मोहरीत, उमा जवसात! दोन्ही तेलबिया, दोन्ही एकाच डब्यांच्या फळीवर. 'देवांनी पत्रिका जुळवली असेल-नसेल, स्वयंपाकघराने नक्की जुळवली.' मोहरीची कोटी आधी होऊन गेलेली असली तरच हे चालेल, म्हणून किमान दीड-दोन मिनिटांचं अंतर ठेवून मग आणा. जवसाचा हा अर्थ कुणालाच माहीत नसतो. तो सरळ वाक्यात सांगा: 'संस्कृतात उमा म्हणजे जवस.' एक श्वास थांबा. मग कोटी.

'उमा'ची दुसरी व्युत्पत्ती कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात दिली आहे: आईने 'उ, मा', म्हणजे अगं, नको, असं म्हणून तपाला मना केलं, म्हणून उमा. ती सुंदर आहे, पण 'मामी नको म्हणतात' अशा बाजूला झुकते. पंचाहत्तरीला जवस बरा.

तुमच्या आईच्या नावावरून आणखी एक. आपल्या नाशिकचे वि. वा. शिरवाडकर 'कुसुमाग्रज' झाले ते कुसुम या बहिणीचे अग्रज, थोरले भाऊ, म्हणून. तुमच्या आईपेक्षा मामा मोठे असतील तर आईच्या नावाला 'अग्रज' जोडा आणि मामांना तीच पदवी द्या. लहान असतील तर 'अनुज'. शिरवाडकरांचं नाव विष्णु, म्हणजे अर्थाने हरीच. दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगा: 'नाशिकमधला एक विष्णू बहिणीच्या नावाने कवी झाला. आमचा हरीही बहिणीच्या नावाने ओळखला जायला तयार आहे.' आई समोर बसलेली असेल तर हे फार छान उतरेल.

गंगाघाट:

अनेक अर्थांचा एक परिच्छेद करून पाहिला. तपासाल का?

'हरी उगवला. हरी आला. हरी ओरडला तसा हरी पळाला. हरीने हरीला पाहिलं. हरी घाबरला. पण आमचा हरी मात्र झोपलेलाच.'

शब्दफोड:

ढाचा बरोबर आहे, क्रियापदं चुकलीत. नाम एकच असल्यामुळे अर्थ सांगायचं सगळं ओझं क्रियापदावर पडतं. क्रियापद असं हवं की ते चौदांपैकी एकालाच लागू पडेल. 'ओरडला' पोपटाला चालतं, माकडाला चालतं, बेडकालाही. 'पळाला' तर कुणालाही. 'आला' आणि 'घाबरला' काहीच सांगत नाहीत. श्रोता तिसऱ्या वाक्याला सोडून देतो.

मराठीत यासाठी नेमके शब्द तयार आहेत. सिंहाला डरकाळी, घोड्याला खिंकाळणं, बेडकाला डरांव, सापाला फणा काढणं, पोपटाला मिठू मिठू, कपीला हुप्प. वारा 'सुटतो'. सूर्य 'उगवतो', पण चंद्रही उगवतो, म्हणून तिथे 'सकाळी' हवं. वस्तूची जागाही मदत करते: डबकं, बीळ, पेरूचं झाड, टांगा, कौल. क्रियापद आणि जागा दोन्ही दिल्या की दहा वर्षांचं पोरही मागे पडत नाही. सिंह मी गाळलाय. नाशिकच्या सकाळी सिंह आणायला ओढाताण करावी लागते.

शेवटही बदला. 'झोपलेलाच' हे खरं नाही, मामा पाचला उठतात असं तुम्हीच लिहिलंय. खोटी चेष्टा घरच्या श्रोत्यांत पडते, कारण ऐंशीही जणांना खरं माहीत असतं. खऱ्यावर बांधा:

'सकाळी साडेसहाला हरी उगवला. गोदेवरून गार हरी सुटला. डबक्यातला हरी डरांव डरांव करू लागला, तसा बिळातल्या हरीने फणा काढला. पेरूवरचा हरी मिठू मिठू करून सगळ्यांना सांगू लागला. टांग्याचा हरी खिंकाळला. कौलावरच्या हरीने हुप्प केलं. आणि हे सगळे हरी जागे व्हायच्या दीड तास आधी एक हरी उठला होता, त्याने आधण ठेवलं होतं, आलं किसलं होतं, आणि कप घेऊन तो निघाला होता... खाटल्यावरी.'

शेवटचा शब्द म्हटला की थांबा. म्हण पूर्ण म्हणू नका, ती सभागृह म्हणेल. सात हरी आणि आठवे मामा. हा परिच्छेद नुसता वाचला तर अर्ध्या मिनिटात होतो, पण प्रत्येक पूर्णविरामाला एक आकडा मनात मोजा, म्हणजे पाऊण मिनिट लागेल. घाईने म्हटला तर तिसऱ्या हरीनंतर लोक हरवतात. मामा आलं न घालता चहा करत असतील तर ते काढा आणि करतात ते घाला. गवती चहा, वेलदोडा, जे असेल ते. या वाक्यात तपशील खरा असणं सगळ्यांत महत्त्वाचं.

मेनरोडकर:

हे वाचूनच समाधान झालं. 'आलं किसलं होतं' इथे मामी हसतील, बघा.

पिंपळपार:

दोन गोष्टी राहिल्यात.

पहिली, शब्दांची यादी करताना 'हरिजन' शब्द कुणाच्या तरी डोक्यात येईल. तो कोटीत आणू नका, चांगल्या हेतूनेही नको. ज्यांना उद्देशून तो वापरला गेला त्या समाजातल्या अनेकांना तो दया दाखवणारा वाटतो, आणि डॉ. आंबेडकरांनीही त्याला विरोध केला होता. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह याच गावात सुरू झाला. समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या घरात ती आठवण असेल हे तुम्हाला माहीत नसतं.

दुसरी, बॅनर. संस्कृतात 'हरि', मराठीत एकट्याने लिहिताना 'हरी', कवी आणि रवीसारखं. समासात पहिलं पद झालं की पुन्हा ऱ्हस्व: हरिपाठ, हरिनाम, हरिभाऊ. हा सर्वसाधारण नियम झाला. पण विशेषनाम शेवटी त्या माणसाचं असतं. मामा सही कशी करतात ते बघा आणि तसंच छापा. ७५ वर्षं एका प्रकारे लिहिलेलं नाव भाच्यांनी बॅनरवर दुरुस्त करू नये.

कोटी छापायची असेल तर मोहरी, लहरी, शहरी, प्रहरी हे चार शब्द घ्या आणि त्यांतली 'हरी' ही दोन अक्षरं वेगळ्या रंगात द्या. फ्लेक्सवाल्याला स्पष्ट सांगा की फक्त रंग बदलायचा, अक्षरांमध्ये जागा सोडायची नाही. जागा सुटली की शिरोरेखा तुटते आणि 'मो हरी' असं काहीतरी वाचलं जातं. पार्श्वभूमी फिकट ठेवा. लाल कापडावर हिरवी अक्षरं लांबून काळपट दिसतात आणि कोटी दिसतच नाही. 'जहरी' बॅनरवर नको. तिथे नकार लावायला आवाज नसतो.

शब्दफोड:

बॅनरचं पटलं. वेळेचा हिशेब देऊन ठेवतो. हॉलमध्ये माइकवर मिनिटाला शंभरेक शब्द नीट ऐकू येतात. पाच मिनिटांचे पाचशे, त्यातून हशांसाठी पन्नास-साठ कमी करा. म्हणजे कागदावर साडेचारशे शब्द. कोट्या सात, फार तर आठ. वर जमलेल्या सगळ्या घेऊ नका. क्रम मी असा ठेवेन: एका हाकेची कोटी उघडायला, कारण ती सोपी आणि कौतुकाची. मग मोहरी आणि तिच्यामागे प्रहरी-शहरी-लहरी-जहरी. मग हरिहर किल्ला तरुणांसाठी. 'हरदासाची कथा मूळपदावर' म्हणून जवस. त्यानंतर श्लोकाची दुसरी ओळ, सात अर्थ आणि सकाळचा परिच्छेद, खाटल्यापर्यंत. हशा ओसरू द्या आणि सगळ्यात शेवटी हरणाची दोन वाक्यं, हळू. मी आधी कळस म्हटलं ते यासाठी की हसून झाल्यावर लोक गप्प होतात, आणि त्या शांततेत 'काळजी हरण झाली' हे नीट पोचतं.

मुलांना गुंतवायचं असेल तर भाषणाआधी जेवणाच्या रांगेत त्यांना 'हरीवर संपणारे शब्द शोधा' हा खेळ द्या. दोन-तीन जणांना मोहरी सापडलीच असेल, आणि भाषणात तो शब्द आला की तीच सगळ्यांत मोठ्याने ओरडतील.

गंगाघाट:

मामा सही 'हरी' अशीच करतात, दीर्घ. चहात गवती चहा असतो, आलं नाही. बदललं. आई मामांपेक्षा लहान आहे, म्हणजे 'अग्रज' चालेल. एकच विनंती उरली: मामींना उखाणा घ्यायला लावणार आहेत. त्यात दोघांची नावं या अर्थांनी गुंफता येतील का?

नानार्थ:

हा घ्या. सोपा ठेवलाय, म्हणजे माइक हातात आल्यावर अडखळायला होणार नाही:

पानात वाढते जवस, फोडणीत तडतडते मोहरी,
पहाटेचा चहा देतो खाटल्यावरी माझा हरी.

उखाणा तुमच्या भाषणानंतर ठेवा, आधी नको, नाहीतर खाटल्याची कोटी फुटेल. मामींना आदल्या दिवशीच मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्या. 'जवस' का आहे ते त्यांना सांगू नका, भाषणात ऐकल्यावर त्यांना आपोआप कळेल.